गुळव्याचं नाक

आबांनी आयुष्यात बिअरचा एक थेंबही तोंडात घातला नाही. तरी तीन वर्षं आमच्या ब्रुअरीतली एकही बिअर त्यांनी होकार दिल्याशिवाय बाहेर पडली नाही. मी हे पुण्याच्या मित्रमैत्रिणींना सांगते तेव्हा ते विचारतात, मग ते करायचे तरी काय? करायचे एवढंच, की टाकीसमोर प्लास्टिकची खुर्ची मांडून बसायचे, खांद्यावरच्या टॉवेलनं हात कोरडे करायचे, ग्लास नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग बराच वेळ काही नाही. शेजारी मालक हात बांधून उभे, त्यांच्या शेजारी मी. शेवटी आबा डोळे उघडून आमच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे." नाहीतर, "ऱ्हाऊ दे."

'जाऊ दे' म्हणजे बिअर विकायला मोकळी. 'ऱ्हाऊ दे' म्हणजे खालचा व्हॉल्व्ह उघडून अख्खी टाकी ओतून द्यायची. कारण विचारायचं नाही.

मी शाहूपुरीतली. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पुण्यात एका ब्रुअरीत काम शिकले, आणि कोल्हापुरात कुणीतरी स्वतःची बिअर काढणार आहे असं कळल्यावर तिथली नोकरी सोडून घरी आले. आई नातेवाइकांना अजून सांगते की मुलगी फूड प्रोसेसिंगमध्ये आहे. ते खोटंही नाही. कसबा बावड्याच्या पुढं, दोन्ही बाजूंना ऊस, मधे पत्र्याची शेड. शेडमध्ये स्टीलच्या चार टाक्या आणि पुढच्या अंगाला बसून प्यायला दहा टेबलं. भिंतीवर पाटी, 'ब्रू मास्टर', आणि तिच्याखाली माझं नाव.

मालक ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लहानाचे मोठे झालेले. माणूस दिलदार, डोक्यात सतत काहीतरी नवं. हंगाम तशी बिअर, ही कल्पना त्यांचीच. उन्हाळ्यात करवंदाची, पावसाळ्यात नाचणीची, आणि कारखान्यांची धुराडी पेटली की काकवीची. काकवी म्हणजे पातळ गूळ, कोल्हापूरच्या माणसाला तो चपातीबरोबर ताटात लागतो, ग्लासात का लागू नये, असं मालकांचं म्हणणं. बिअर त्यांना फार आवडायची. कळायची असं मात्र मी म्हणणार नाही.

आमच्या पहिल्या करवंदाच्या बिअरला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. मी म्हटलं, ही विकायची नाही. मालक म्हणाले, "मशीन काय म्हणतंय?" बिअर तपासायच्या मशीनच्या लेखी सगळं ठीक होतं. मशीनला गोणपाट माहीत नाही. मालकांनी बिअर विकली, गिऱ्हाइकांनी अर्धे ग्लास टेबलावर तसेच ठेवले आणि जाताना भिंतीवरचं माझं नाव नीट वाचून गेले. त्यानंतरही तेच. मी काही म्हटलं की मालक म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'नं मला दोन वर्षं छळलं. नाव माझं, जीभ माझी, शिक्षण माझं, आणि शेवटचा शब्द मात्र मशीनचा किंवा मालकांच्या मूडचा. मला तो शब्द हवा होता. त्यापलीकडं मला त्या नोकरीत काही नको होतं.

तो शब्द आबांना पहिल्या भेटीत मिळाला.

आबा मुळात गुळव्या. गुऱ्हाळावर रस उकळत असताना पाक नेमका कधी झाला आणि काहील चुलीवरून कधी उतरायची, हे ज्याच्या सांगण्यावर ठरतं तो गुळव्या. घटकाभर उशीर झाला तर गूळ करपतो, घाई केली तर तो बसतच नाही. आबांनी चाळीस हंगाम हे काम केलेलं. गार पाण्यात बोट बुडवायचं, तेच उकळत्या पाकात घालायचं, आलेल्या पाकाची गोळी करून काहिलीच्या काठावर मारायची आणि आवाज ऐकायचा. त्या बोटाचा शेंडा इतका निबर झाला होता की त्याला ठसाच उरला नव्हता. "आधारवाल्यांनी तीनदा म्हागारी पाठिवलं," हे ते पदक मिळाल्याच्या थाटात सांगायचे.

आम्ही काकवी विकत घ्यायला गेलो तेव्हा ते गुऱ्हाळाच्या कडेला बाजेवर बसले होते. गुडघ्यांमुळं काम सोडलंय म्हणाले. मालकांना आपली बिअर कुणालाही दाखवायची हौस, त्यांनी गाडीतून बाटली आणून उघडली, स्वतः एक घोट घेतला आणि आबांच्या हातात दिली. आबांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले. मग मालकांकडं बघून म्हणाले, "पाकात कुठंतरी कच्चं ऱ्हायलंय, पावणं."

बरोबर हेच मी महिनाभर सांगत होते. यीस्टचं काम अर्धवट झालंय, आणखी आठ दिवस द्या, असं. परतताना मालक गाडीत तीनदा म्हणाले, "नुसत्या वासावर सांगितलं गं." मी बावडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या सोमवारी आबा कामावर हजर. त्यांची एकच अट होती. "म्या ऱ्हाऊ दे म्हणलं की ऱ्हायाचं. मागनं इचारायचं न्हाय." मालक म्हणाले, "शब्द दिला." दोन वर्षं मी जे मागत होते ते एका वाक्यात देऊन मोकळे झाले. मी त्या दिवशी आबांना चहासुद्धा विचारला नाही.

आता माणूस कसा होता ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसता राग काढायला बसले आहे.

त्यांना जगातले सगळेच पावणं. बसचा कंडक्टर पावणं, एक्साइजचा इन्स्पेक्टर पावणं. पण खरे पावणं म्हणजे यीस्ट. हे जिवंत असतं, साखर खातं आणि तिची बिअर करतं, एवढं मी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. आबांनी विचारलं, "किती जनं हाईत?" म्हटलं, मोजता येणार नाहीत. त्यावर ते विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून टाक्यांच्या खोलीत शिरताना ते चपला बाहेर काढायला लागले आणि आवाज खाली आला. एरवी ते बोलले की पलीकडच्या फडातला ऊसतोड्या मान वर करायचा. पण त्या खोलीत कुजबुज. कूलिंग बंद पडलं तर, "आलेल्या पावण्यास्नी उकाड्यात बसिवतासा व्हय?" म्हणून मेकॅनिकची हजेरी घ्यायचे. टाकीतून बुडबुडे निघायला लागले की खूश होऊन सांगायचे, "जेवालेत." बुडबुडे थांबले की, "हात धुतलं."

सणाच्या दिवशी घरून पुरणपोळीचा डबा आणायचे आणि आधी टाकीला दाखवायचे. आत टाकू दे म्हणून एकदा माझ्याशी हुज्जत घातली. मी नाही म्हटलं तर दोन दिवस मला ऐकू जाईल असं टाकीशी बोलत होते, "ह्या घरची बाईच तसली हाय."

भेंडीचं प्रकरण तर मी लिहून ठेवायला हवं होतं. गुळाचा रस स्वच्छ करायला गुऱ्हाळावर रानभेंडीची खोडं ठेचून तिचं बुळबुळीत पाणी उकळत्या रसात ओततात. सगळी घाण फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकायची. एकदा मी जेवायला गेले आणि परत आले तर आबा शिडीवर चढून आमच्या उकळत्या पातेल्यात हिरवी बादली रिकामी करत होते. मी खालून ओरडले. ते वरून शांतपणे म्हणाले, "लई गढूळ हुतं. आवरून घेतलं."

"आबा, ही बिअर आहे. ह्यात भेंडी घालत नाहीत."

"कोन म्हणतंय?"

जगातलं एकही पुस्तक असं म्हणत नव्हतं. भेंडीचा विषयच कुणी काढला नव्हता. ती बिअर काचेसारखी नितळ निघाली. वहीत मी 'नैसर्गिक निवळण' असं लिहिलं. मालक मात्र महिनाभर प्रत्येक टेबलापाशी जाऊन ग्लास उजेडात धरून दाखवत होते आणि ही जर्मन पद्धत आहे म्हणून सांगत होते.

अशा माणसावर रागावून राहणं सोपं नव्हतं, पण मी चिकाटीनं रागावून राहिले. कारण प्रत्येक वेळी तेच व्हायचं. मी बिअर चाखायची, मला कळायचं, मी बोलायला तोंड उघडायची आणि मालक हात वर करून म्हणायचे, "थांब, आबांना बघू दे." मग खुर्ची, टॉवेल, मिटलेले डोळे. आणि आबा नेमकं तेच सांगायचे जे मी सांगणार होते. एकदाही चुकले नाहीत. मला हळूहळू वाटायला लागलं की ह्या म्हाताऱ्याचं नाक खरंच माझ्या जिभेच्या वरचं आहे. हे मान्य करणं मला जड गेलं, पण मी मनात मान्य केलं. गावात तर त्यांचं नाव झालंच होतं. लोक बिअर प्यायला यायचे आणि आबांचं नाक बघून जायचे.

त्यांचा एक नियम होता. ग्लास हातात घेण्याआधी मला म्हणायचे, "आदी तू घे. कंपनीची बाई हाईस." मला तो मान वाटायचा. खरं तर त्या ब्रुअरीत मला मिळणारा तेवढाच मान होता, म्हणून मी तो जपून ठेवला होता.

मग फेब्रुवारीच्या अखेरीस मला सर्दी झाली.

गाळप संपत आलं होतं आणि मार्चमध्ये शहराबाहेरच्या एका लॉनवर बिअरचा मेळा भरणार होता. पुण्याचे, नाशिकचे, गोव्याचे छोटे बिअरवाले येणार होते. आमच्या दोन बिअर जाणार होत्या, एक नंबरच्या टाकीतली काकवीची आणि दोन नंबरमधली आलं-लिंबाची. मालकांनी सहा फुटी फ्लेक्स छापून घेतला होता. त्यावर बाकी काही नाही, फक्त आबांचं नाक, आणि खाली 'कोल्हापूरचं नाक'. नाकातला केससुद्धा दिसत होता.

सर्दीमुळं मी मास्क लावून आले होते. काकवीची टाकी तपासायची होती. मी मास्क जरा उचलून घोट घेतला आणि परत लावला. आबांनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले, उघडले, माझ्याकडं बघितलं. परत मिटले. परत उघडले.

"मास्क काड की," ते म्हणाले.

"सर्दी झालीय आबा. तुम्हालाही होईल."

"मला काय हुतंय? काड."

मी काढला नाही. ते कितीतरी वेळ ग्लास धरून बसले, आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

तीन वर्षांत त्यांनी मला असं विचारलं नव्हतं. मला संशय आला. मालक तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेले होते. मी म्हटलं, थांबा, दुसरा ग्लास आणते. आत जाऊन नव्या ग्लासात बिअर घेतली आणि तिच्यात चिमूटभर हिंग ढवळला. आमच्या स्वयंपाकघरातला, खडा कुटून केलेला हिंग. माझं नाक चोंदलेलं असूनही मला दोन फुटांवरून कळत होतं. मास्कच्या वर मी डोळे अगदी कोरे ठेवले.

आबांनी वास घेतला. लांब, मनापासून. मग तृप्त होऊन मान डोलावली. "आत्ता कसं. काकवी सरळ वर यायलीय बघ. जाऊ दे."

मी म्हटलं, "आबा, ह्यात हिंग आहे."

त्यांनी ग्लास खाली ठेवला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि बाहेर फोनवर हसणाऱ्या मालकांकडं एकदा बघितलं.

"कोरोनात गेला वास," ते म्हणाले. "परत आलाच न्हाय. त्या साली गुऱ्हाळावर एक काहील करपली. शेजारच्या गुऱ्हाळातली मानसं पळत आली वास आला म्हणून, आन् म्या काहिलीफुडं हुबा. मला पत्त्या न्हाय. त्याच दिवशी काम सोडलं. गुडघ्यास्नी काय धाड भरलीया?"

मी खाली पायरीवरच बसले. "मग इतकी वर्षं तुम्ही सांगत होता ते?"

"तुझ्या तोंडावनं."

"म्हणजे?"

"तू घोट घेतीस. वाईट असलं की डावी नाकपुडी वर जाती. बरं असलं की भुवया खाली येत्यात. चाळीस वर्सं पाक वाचला, तुझं तोंड काय अवघड हाय? पयल्या दिवशी तुझ्या मालकाचं वाचलं. बाटलीतला घोट गिळताना एरंडेल प्याल्यागत झालतं."

ह्या ठिकाणी मी हसले असेन असं तुम्हाला वाटेल. मी भडकले. तीन वर्षं मी ज्या माणसाच्या नाकाला मान दिला, ते नाक माझंच होतं. माझा शब्द माझ्याच तोंडावरून उचलून तो माझ्यासमोर मालकांना द्यायचा, आणि मालक त्याला वाकून नमस्कार करायचे.

"तू बोललीस तर त्यो ऐकत नव्हता," आबा म्हणाले. "म्या बोललो की ऐकत हुता. तुझंच खरं झालं न्हवं? बिघडलं काय त्यात?"

"बिघडलं की. तो शब्द माझा होता, आबा. ह्यापुढं माझ्या तोंडावरचं काही बोलायचं नाही तुम्ही. अजिबात नाही."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. आणि डबा न उघडता घरी गेले.

दोन दिवसांनी आलं-लिंबाची टाकी उघडली. सर्दी गेली होती. पहिल्या घोटाला मला शिळ्या लोण्याचा वास आला, आणि जिभेवर एक बुळबुळीतपणा. मी मालकांना म्हटलं, ही मेळ्याला न्यायची नाही. मालक म्हणाले, "बघू." मग आबांकडं वळून, "बोला आबा."

आबा खुर्चीत बसले होते. ग्लास त्यांनी हातात घेतलाच नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला इचारा."

"तिला काय विचारायचं? तुम्ही सांगा."

"तिला इचारा," ते परत म्हणाले.

मालकांना वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. आबा नाही म्हणाले नाहीत म्हणजे चालतंय, असा त्यांनी अर्थ लावला, आणि दुपारी पिंपं भरून गाडीत चढलीसुद्धा. मी आबांकडं बघितलं. त्यांनी माझं सांगणं अक्षरशः पाळलं होतं. माझाच हट्ट माझ्या अंगाशी आला होता, आणि तो कुणावर ढकलावा हे मला कळेना.

मेळा ज्या लॉनवर होता तिथं आदल्या दिवशी लग्न झालेलं. कमानीवरची गणपतीची मूर्ती आणि नवरा-नवरीची नावं काढायची राहून गेली होती, त्यामुळं प्रत्येक जण हातात ग्लास घेऊन त्या जोडप्याला शुभेच्छा देत आत येत होता. दारातला मुलगा सगळ्यांचं वय तपासत होता. सत्तरीच्या आबांनाही त्यानं कार्ड मागितलं. आबांनी मतदान कार्ड दाखवून, "वय बसतंय न्हवं?" असं विचारलं आणि आत आल्यावर तासभर प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. माझ्याशी मात्र बोलत नव्हते. मीही नव्हते. आमच्या स्टॉलवर ते सहा फुटी नाक लटकत होतं आणि त्याच्या खाली आम्ही दोघं दोन टोकांना उभे होतो.

संध्याकाळी खेळ होता. डोळे बांधून बिअर ओळखायची. पाच ग्लास, कुठल्याही स्टॉलवरचे. दोन-तीन जण येऊन हरून गेले, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "त्या नाकवाल्याला घ्या की." मग सगळेच ओरडायला लागले. मालकांनी आबांना दंडाला धरून स्टेजवर चढवलं. आबांचा टॉवेल काढून त्यांच्याच डोळ्यांवर बांधला.

आता त्यांना माझं तोंड दिसणार नव्हतं. गर्दीत हे फक्त मला माहीत होतं. चार दिवस मी ज्याची वाट बघत होते तेच समोर घडणार होतं, आणि मी स्टेजकडं सरकू लागले. कितीही राग असला तरी तो म्हातारा असा सगळ्यांसमोर पडायला मला नको होता.

पहिला ग्लास आला. आबांनी नाकाशी धरला, गर्दीला हवा तेवढा वेळ. मग हळूच बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं. "काकवी. आमचीच हाय." टाळ्या. दुसरा ग्लास त्यांनी कानाशी नेला. फेस किती वेळात बसतो ते ऐकलं, बोटानं दाबून बघितला. "गव्हाची." तेही बरोबर. शिट्ट्या वाजल्या. मालकांची छाती शर्टात मावेना.

तिसऱ्या ग्लासात त्यांनी बोट घातलं, घासलं, आणि थांबले. परत घातलं. आबांनी ग्लास खाली ठेवला आणि डोळ्यांवरचा टॉवेल सोडला.

"पावणं," ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, माइकची गरज नव्हती, "खरं सांगू काय? मला वास येत न्हाय. पाच वर्सं झाली, नाक बंद हाय."

लॉनभर हशा उसळला. पुढं बसलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघितलास? किती साधा माणूस." टाळ्या थांबेनात. एवढं खरं बोलूनही त्यांच्यावर एकाचाही विश्वास बसला नाही.

आबांनी हात वर केला. "नाक तिचं हाय. त्या पोरीचं. म्या निस्ता बोलतोय." आणि बोट माझ्याकडं. तेच बोट, ठसा नसलेलं.

मी स्टेजवर गेले. आबांनीच माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. त्या टॉवेलला चुलवाणाचा धूर आणि काकवी, दोन्हींचा वास होता. गुऱ्हाळ सोडून पाच वर्षं झाली तरी तो गेला नव्हता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. मला एकदम रडू आलं. बरं झालं डोळे बांधलेले होते.

तिसरा ग्लास माझ्या हातात आला. घोट घ्यायचीही गरज नव्हती. शिळं लोणी.

दोन शब्दांत सुटता आलं असतं. आलं-लिंबू. टाळ्या मिळाल्या असत्या. मी मालकांचा विचार केला, भिंतीवरच्या पाटीचा केला, आणि म्हटलं, "ही आमची आलं-लिंबाची आहे. बिघडलेली आहे. मी नको म्हटलं होतं. ही इथं यायला नको होती."

कुठंतरी एक ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मागून एक जण म्हणाला, "व्हय की. मला मगाशीच वाटलं. म्हटलं माझ्याच तोंडाला काय झालंय."

उरलेले दोन ग्लास मी ओळखले. काय होते ते आता आठवत नाही. टॉवेल सोडला तेव्हा मालक समोर उभे होते, तोंड एरंडेल प्याल्यासारखं. आता मलाही वाचता येत होतं. पण माणूस शोरूममध्ये वाढलेला. त्यांनी दोन पावलांत माइक गाठला आणि जाहीर केलं, "आमच्याकडं असंच असतंय मंडळी. वाईट निघालं तर आम्हीच सांगतो." आणि ती सगळी पिंपं लॉनच्या कडेला सगळ्यांच्या देखत ओतायला लावली. त्या संध्याकाळी आमची काकवीची बिअर सगळ्यात आधी संपली.

परतताना मी आबांना विचारलं, "तिसरा ग्लास बिघडलेला आहे हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"बुळबुळीत लागला," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "भेंडीच्या पाण्यागत."

"मग तुम्हीच का नाही सांगितलं?"

"तुझा शब्द हुता. तूच बोलू नगो म्हणलीस."

सोमवारी मालक टाक्यांच्या खोलीत आले, हात बांधून उभे राहिले, आणि थेट मला विचारलं, "तीन नंबरचं काय?" मी म्हटलं, "जाऊ दे." ते मान हलवून निघून गेले. 'बघू' म्हणाले नाहीत. आबा खुर्चीत बसून टाकीला सांगत होते, "आता हितनं फुडं बाईच सांगनार."

त्यानंतर वर्षभरात आबांचे गुडघे खरोखरच गेले. धाड भरलीच शेवटी, असं मी म्हटलं तर फोनवर खूप हसले. आता ते वारणानगरला लेकीकडं असतात. लेकीनं त्यांना व्हिडिओ कॉल शिकवलाय. नवी टाकी उघडली की मी फोन लावते, तो समोर टेकवून ठेवते आणि घोट घेते. तिकडं आबा चष्मा लावून स्क्रीनजवळ नाक आणतात, मग लांब जातात आणि म्हणतात, "जाऊ दे." गंमतच असते ती. कारण शेवटचा शब्द माझा असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत असतं.

मागच्या पावसाळ्यात नाचणीची बिअर केली. मालकांची नाही, संपूर्ण माझी कृती, सहा महिने डोक्यात घोळवलेली. एका हॉटेलनं अख्खी टाकी आधीच मागून ठेवली होती, माझं नाव बाटलीवर छापून. पहिल्या घोटाला काहीतरी खटकलं. अगदी पुसट, ओल्या भिंतीसारखं. मी स्वतःला म्हटलं, नाचणीचा वास असाच असतो. दुसऱ्या घोटाला म्हटलं, गिऱ्हाइकाला कळणार नाही. तिसऱ्याला मला ते माझं मलाच जवळजवळ पटलं.

मग फोन लावला. आधी आरशात बघून घेतलं. भुवया खाली, नाकपुड्या सरळ, ओठांवर बेतानं हसू. घोट घेतला आणि म्हटलं, "कशी वाटते, आबा?"

ते बराच वेळ बघत राहिले. मागं लेकीच्या घरातला कुकर वाजत होता.

"कुणाला फसवालीस गं?" ते म्हणाले.

मी चिडून म्हटलं, "आबा, वारणानगरला बसून तुम्हाला काय डोंबलाचा वास येतोय?"

"मला कुठला येतोय?" आबा म्हणाले. "तुला आलाय."

मी फोन उलटा ठेवला, चपला बाहेर काढून आत गेले आणि टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला.